अच्चनांनी रोज काय घालावं? एका ऑर्थोडॉक्स पॅरिशमधलं प्रकरण

ही हकिकत महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक उपनगरातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स पॅरिशची, म्हणजे केरळातल्या एका जुन्या ख्रिस्ती चर्चच्या इथल्या स्थानिक मंडळीची आहे. तिथल्या पुरोहिताला अच्चन म्हणतात. माणसांची ओळख पटू नये म्हणून गाव आणि वर्ष वगळलं आहे, काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी मॅनेजिंग कमिटीवर होते आणि बैठकांची टिपणं माझ्याकडे असायची. माझं माहेर नगरचं, मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे पाळकसाहेब शर्ट-पँटमध्येच सायकलवरून घरी यायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. लग्नानंतर मी या चर्चमध्ये आले, त्यामुळे दोन्ही पद्धती आतून पाहिल्या आहेत. या प्रकरणात मी कुठल्या बाजूला झुकले ते पुढे कळेलच.

पार्श्वभूमी

मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचं मुख्यालय कोट्टयमच्या देवलोकम इथे आहे. कारखान्यांतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने मल्याळी कुटुंबं आमच्या भागात येऊन वसली आणि त्यांच्याबरोबर चर्चही आलं. आज त्यांची तिसरी पिढी शाळेत मराठी शिकते, घरी मल्याळम बोलते आणि ऑफिसात हिंदी-इंग्रजी. पॅरिश एका रस्त्यात किंवा एका गल्लीत वसलेली नाही. पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत सोसायट्या, चाळी, कंपन्यांच्या वसाहती अशी विखुरलेली कुटुंबं आहेत. अच्चनांचा निम्मा दिवस त्यांच्यापर्यंत पोचण्यातच जातो.

त्या वेळी नेमणुकीवर आलेले अच्चन पस्तिशीचे, दोन लहान मुलांचे वडील. पुरोहितदीक्षेच्या आधी लग्न झालेलं असेल तर ऑर्थोडॉक्स परंपरेत त्याला आडकाठी नसते. केरळाबाहेर काम करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. रोजचा वेश म्हणजे घोट्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी बंद होणारा पांढरा झगा, काळी गोल टोपी आणि दाढी. आशीर्वाद देताना हातात धरायचा छोटा क्रूस कायम खिशात. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कुर्बानाच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळचे पोशाख निराळे असतात. कुथिनो, झुनोरो, फायनो वगैरे वस्त्रं ठरलेल्या क्रमाने चढवायची, आणि चढवताना म्हणायच्या प्रार्थनाही ठरलेल्या. त्यांबद्दल पॅरिशमध्ये दुमत नव्हतं. वाद झाला तो चर्चच्या फाटकाबाहेरच्या कपड्यांबद्दल.

केरळातल्या गावात पांढरा झगा घातलेला माणूस बसमध्ये चढला तर कुणी मान वर करून बघत नाही. आमच्या उपनगरात बघतात. बहुतेकांच्या लेखी झगेवाला तो ‘फादर’. तो कॅथोलिक की ऑर्थोडॉक्स, वसईचा की कोट्टयमचा, हा फरक कुणाच्या गावीही नसतो.

काय घडलं

एका पावसाळ्यात तीन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली मोटरसायकलची. मागे बसणाऱ्याची साडी चाकात जाऊ नये म्हणून गाडीला जाळी असते; चालवणाऱ्याच्या झग्याचा विचार कुणी केलेला नसतो. भिजलेली कड मागच्या बाजूला अडकली. वेग कमी होता म्हणून गुडघा सोलवटण्यावर निभावलं.

दुसरी एका मोठ्या रुग्णालयातली. आमच्या एक वृद्ध अम्मची, म्हणजे आजी, अतिदक्षता विभागात होत्या. अच्चन आत जायला निघाले तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टरनी त्यांना अडवलं. ती सिस्टर आमच्याच पॅरिशची मुलगी. “अच्चन, या बाह्या घेऊन आत नको. आणि तो क्रूस आधी पुसून घ्या. सगळे त्याचं चुंबन घेतात.” तिचं म्हणणं योग्य होतं. मनगटापर्यंत येणारी बाही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत काय काय घेऊन जाते, हे तिला रोज दिसतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तर २००७ पासून रुग्णाजवळ काम करणाऱ्यांनी कोपराखालचा हात उघडा ठेवावा असा दंडकच आहे.

तिसऱ्या घटनेने मात्र सगळ्यांची झोप उडवली. एका सोसायटीत महिन्याची एरिया प्रार्थना, म्हणजे त्या भागातल्या कुटुंबांची एकाच्या घरी होणारी प्रार्थना, होती. अच्चनांनी वॉचमनच्या वहीत नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला आणि ते लिफ्टकडे निघाले. तेवढ्यात चार-पाच जण जमले. “कुणाकडे? कशाला? कुणाला बाटवायला आलात?” एकाने मोबाइल काढून चित्रीकरण केलं. यजमान धावत खाली आले, “हे आमचे फादर आहेत, आमच्याच घरी प्रार्थना आहे,” असं सांगून त्यांनी सोडवणूक केली. रात्रीपर्यंत ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर फिरली. आमचं चर्च कुणाच्या दारात जाऊन धर्म बदला म्हणत नाही, अच्चन केवळ पॅरिशच्या कुटुंबांकडे जातात, हे त्या लोकांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्या घरच्या वहिनी दुसऱ्या दिवशी फोनवर रडत होत्या. मुलाला शाळेच्या बसमध्ये विचारणा झाली होती. “पुढच्या महिन्यात अच्चनांना साध्या कपड्यांत पाठवा, नाहीतर प्रार्थना दुसऱ्याकडे ठेवा,” एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत ठराव आला: सुरक्षिततेच्या दृष्टीने अच्चनांनी चर्चच्या आवाराबाहेर शर्ट-पँट वापरावी.

समोर असलेले पर्याय

ठराव मांडणारे लोक काही परंपरेचे वैरी नव्हते. त्यांना भीती वाटत होती आणि ती पोकळ नव्हती. तरीही त्या संध्याकाळी तो मंजूर झाला नाही, याचं श्रेय एका निवृत्त सभासदांना द्यावं लागेल. त्यांनी विचारलं, “पुरोहिताने काय घालावं हे ठरवायचा अधिकार कमिटीला आहे का?” नव्हता. पॅरिशचे पैसे, इमारत, कार्यक्रम यांबद्दल कमिटी ठरवू शकते. पुरोहित डायोसीसच्या, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताच्या, आज्ञेत असतो. प्रकरणातला हा पहिला निर्णायक क्षण. इथे मतदान झालं असतं तर अच्चन एका बाजूला कमिटी आणि दुसऱ्या बाजूला वरिष्ठ अशा कात्रीत सापडले असते.

मग पर्यायांची चर्चा सुरू झाली आणि दोन बैठका चालली.

एका तरुण सभासदाने इंटरनेटवरून नियम शोधून आणला होता. कॉन्स्टँटिनोपलला ६९१-९२ मध्ये भरलेल्या त्रुलो परिषदेचा सत्ताविसावा नियम सांगतो की धर्मसेवकाने शहरात असो वा प्रवासात, आपल्या पदाला न शोभणारे कपडे घालू नयेत. घातल्यास आठवडाभर त्याला सहभागितेपासून दूर ठेवावं. अच्चनांनी शांतपणे दुरुस्ती केली. ती परिषद ग्रीक-रशियन बाजूच्या ऑर्थोडॉक्स चर्चची. आपलं चर्च निकिया (३२५), कॉन्स्टँटिनोपल (३८१) आणि एफिसस (४३१) या तीनच परिषदा मानतं. त्यामुळे तो नियम आपल्याला बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार दुर्लक्ष करण्यासारखाही नाही: पुरोहित प्रवासात पुरोहित राहायचा थांबत नाही. मला हे उत्तर फार आवडलं. नियमाचा दगड म्हणून वापर न करता त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची ही रीत होती.

उलट बाजूने दाखला आला तो तुर्कस्तानचा. तिथे १९३४ च्या कायद्याने सर्वच धर्मांच्या पुरोहितांना प्रार्थनास्थळाबाहेर धार्मिक वेश घालायला बंदी झाली. प्रत्येक समाजाच्या एकेका प्रमुखाला तेवढी सूट मिळाली. इस्तंबूलचे ग्रीक पुरोहित सूट आणि हॅट घालून रस्त्यावर उतरले. त्यांची दीक्षा त्यामुळे गेली नाही. अमेरिकेतही विसाव्या शतकात कित्येक ऑर्थोडॉक्स पुरोहितांनी काळा सूट आणि पांढरी कॉलर स्वीकारली, आणि झगाच हवा की कॉलर चालेल यावर तिथे अजून हिरिरीने बोललं जातं. म्हणजे झग्याविना ऑर्थोडॉक्स पुरोहित असूच शकत नाही, हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. फरक इतकाच की इस्तंबूलमध्ये कायद्याने झगा काढायला लावला होता. आमच्याकडे कायद्याची तशी काहीच आडकाठी नव्हती. आम्ही आपण होऊन तो उतरवणार होतो.

हे बोलणं चाललं असताना गोव्याच्या अल्वारिस मार जूलियस यांचा विषय निघणं स्वाभाविकच होतं. वेर्णे गावचा हा कॅथोलिक पाद्री ऑर्थोडॉक्स झाला, १८८९ मध्ये कोट्टयमला बिशप झाला आणि गोव्यात परतला. पोर्तुगीज सत्तेने त्यांना अटक केली, बिशपाचा वेश उतरवून रस्त्यातून नेलं, त्या वेशावरून खटला भरला, आणि पुढे मरेपर्यंत ते साधा काळा झगा घालून वावरले, असं चर्चमध्ये सांगतात. १९२३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. बैठकीत दोघांनी त्यांच्या नावावर दोन विरुद्ध निष्कर्ष काढले. एक म्हणाला, त्यांनी झगा सोडला नाही. दुसरा म्हणाला, त्यांनी राजेशाही वेश सोडला आणि गोरगरिबांची, रोग्यांची सेवा चालू ठेवली. दोन्ही खरं आहे. म्हणून त्या दाखल्याने वाद मिटला नाही, पण बोलण्याची पातळी उंचावली.

आणखी एक सूचना भगव्याची होती. ती हास्यास्पद नव्हती. १९१९ मध्ये केरळात पेरुनाडला बेथनी आश्रम सुरू झाला तेव्हा तिथल्या संन्याशांनी भगवा झगाच घेतला होता. भारतातल्या संन्यासाचा रंग म्हणून तो त्यांना आपला वाटला. पण आमचे अच्चन संन्यासी नाहीत, संसारी आहेत. आणि सध्याच्या वातावरणात पाद्र्याने अचानक भगवा चढवणं म्हणजे वेशांतर केल्याचा आळ ओढवून घेणं. ही सूचना लगेच मागे पडली.

उरले तीन पर्याय: नेहमी झगा, बाहेर शर्ट-पँट, किंवा कामानुसार वेगवेगळं.

कुणाला विचारलं आणि कुणाला नाही

दोन बैठका होईपर्यंत खुद्द अच्चनांना “तुम्हाला काय वाटतं?” असं कुणी विचारलं नव्हतं. हा प्रश्न शेवटी वनिता समाजाच्या, म्हणजे चर्चमधल्या स्त्रियांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीने विचारला.

ते म्हणाले, “गरम होतं, पावसात चिखल होतो, हे खरं आहे. पण इथले बरेच वडीलधारे माझ्या वडिलांना ओळखतात. शर्टमध्ये त्यांच्या घरी गेलो तर मी अमक्याचा मुलगा असतो. चहा, गावाकडच्या गप्पा. झग्यात गेलो तर दहा मिनिटांनी कुणीतरी आतल्या खोलीत बोलावतं आणि म्हणतं, अच्चन, जरा बोलायचं होतं.”

बस्कियाम्मांचं, म्हणजे अच्चनांच्या पत्नीचं, मत मी स्वतः जाऊन विचारलं. पांढरे झगे धुणं, नीळ घालणं, इस्त्री करणं त्यांच्याच अंगावर होतं. मापं पाठवून कोट्टयमहून शिवून आणायचा खर्चही घरचा. तक्रार करायला त्यांना पुरेपूर जागा होती. त्या म्हणाल्या, “धुण्याचं काही नाही. झग्यात असले की ते कुठे जातात, कुणाकडे किती वेळ बसतात, हे सगळ्या जगाला दिसतं. मला ते बरं वाटतं.” पुरोहित एकट्या बायकांच्या, आजारी माणसांच्या, अडचणीतल्या मुलांच्या घरी जातो. आपण कोण हे लपवता न येणं हे त्याचंही संरक्षण आहे आणि समोरच्याचंही. संपूर्ण चर्चेत इतका मोलाचा मुद्दा दुसरा आला नाही, असं मला आजही वाटतं.

मग ठरलं की ज्यांच्याकडे अच्चन जातात त्यांनाच विचारायचं. एरिया प्रार्थनांचे प्रमुख आणि वनिता समाजाच्या बायका घरोघर जाऊन बोलल्या. जे ऐकू आलं त्याने आमची दोन्ही टोकं बोथट झाली.

अतिदक्षता विभागातल्या त्या अम्मची तोवर घरी आल्या होत्या. मधल्या काळात एकदा अच्चन साध्या शर्टमध्ये, मास्क लावून त्यांच्याजवळ जाऊन प्रार्थना करून आले होते. अम्मचींना ते आठवतच नव्हतं. “अच्चन आलेच नाहीत,” असं त्या ठामपणे सांगत होत्या. गुंगीतल्या माणसाला चेहरा ओळखू येत नाही. पांढरी आकृती आणि काळी टोपी कदाचित ओळखू आली असती.

उलट एका चाळीतल्या गृहस्थाचं दुखणं निराळंच होतं. त्यांना दारूचं व्यसन होतं, ते सोडायचं होतं. पण अच्चन जिन्याने वर आले की मजल्यावरची सगळी दारं उघडत. “फादर आले म्हणजे काल रात्री काहीतरी झालं असणार, असं सगळे समजतात. माझी बायको दोन दिवस नळावर जात नाही.” त्यांना अच्चन हवे होते, पण चाळीला न दिसता. तरुण इंजिनिअर मुलामुलींना कपड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना रात्री नऊनंतर फोन उचलणारा पुरोहित हवा होता.

आणि सोसायटीतली माणसं? तिथेच चर्चेला कलाटणी मिळाली. त्या सोसायटीत राहणाऱ्या एका मराठी शेजाऱ्यांना यजमानांनी सरळ विचारलं, “साध्या कपड्यांत आले असते तर चाललं असतं का?” ते म्हणाले, “आज चाललं असतं. आणि चार महिन्यांनी कळलं असतं की हे फादर आहेत, तेव्हा लोक म्हणाले असते, बघा, लपून येतात.” संशय असलेल्या ठिकाणी ओळख झाकणं म्हणजे संशयाला पुरावा देणं. शिवाय लांब दाढी आणि साधा शर्ट या वेशातल्या अच्चनांना मधल्या काळात दुसऱ्या एका फाटकावर भलत्याच धर्माचे समजून अडवलं होतं. कपडे बदलून प्रश्न संपणारा नव्हता. प्रश्न अनोळखीपणाचा होता.

काय केलं

डायोसीसला पत्र लिहिलं. त्यात ठराव नव्हता, परिस्थिती मांडली होती आणि सहा महिन्यांसाठी काही सवलती मागितल्या होत्या. थोड्या फेरबदलांनी होकार आला. झगा हाच नेहमीचा वेश. अपवाद कामाचा असावा, भीतीचा नसावा, असं त्या पत्रोत्तराचं तात्पर्य होतं.

त्याप्रमाणे व्यवस्था बसली. मोटरसायकलवर शर्ट-पँट, झगा घडी करून बॅगेत, आणि घराच्या किंवा रुग्णालयाच्या दाराशी पोचल्यावर अंगावर. पावसाळ्यासाठी कमी घेराचे, गडद राखाडी दोन झगे शिवले आणि खर्च पॅरिशने उचलला. अतिदक्षता विभागासाठी सिस्टरच्या सल्ल्याने कोपरापर्यंतच्या बाह्यांचा पांढरा झगा वेगळा ठेवला. तो तिथेच वापरायचा, घरी आल्यावर लगेच धुवायला टाकायचा. खिशातला लाकडी क्रूस रुग्णालयापुरता बदलून पुसता येईल असा धातूचा घेतला, आणि चुंबनाऐवजी कपाळावर खूण करायची पद्धत ठेवली. रुग्णालयाला पॅरिशच्या लेटरहेडवर पत्र आणि फोटोचं ओळखपत्र दिलं.

व्यसनाचा प्रश्न असलेल्या गृहस्थांसाठी भेट चाळीतून हलवली. अच्चन शर्ट-पँटमध्ये त्यांना स्टेशनजवळच्या हॉटेलात भेटू लागले. अट एवढीच की अशा प्रत्येक भेटीची कल्पना ट्रस्टींपैकी एकाला आधी द्यायची. बस्कियाम्मांचा मुद्दा आम्ही असा पाळला.

सोसायट्यांसाठी कपड्यांत काहीच बदल केला नाही. प्रत्येक एरिया प्रार्थनेच्या यजमानांनी आधी अध्यक्ष-सेक्रेटरींना भेटून सांगायचं: आमच्या घरी महिन्यातून एकदा प्रार्थना असते, आमचे पुरोहित येतात, ते असे दिसतात, आवाज नऊच्या आत बंद होतो. शक्य तिथे अच्चनांनीही सोबत जायचं, झग्यातच. ज्या सोसायटीत क्लिप फिरली होती तिथे अच्चन गणपतीच्या आरतीनंतर मंडपात सगळ्यांना भेटले. यावर कमिटीत एकाने नापसंती नोंदवली. मला ते जाणं योग्य वाटलं. शेजाऱ्याच्या मंडपात उभं राहून नमस्कार करण्याने कुणाची श्रद्धा उणी होत नाही.

परिणाम

रुग्णालयातली व्यवस्था विनाकटकट चालली. त्या सिस्टरनी पुढे इतर चर्चच्या फादरांनाही तेच सांगायला सुरुवात केली. मोटरसायकलवरचा धोका गेला, मात्र दाराशी उभं राहून झगा चढवताना अच्चनांना अवघडल्यासारखं व्हायचं, आणि लहान मुलांना ते पाहायला फार आवडायचं.

चाळीतले गृहस्थ काही महिने नियमित भेटले, मग व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. नंतर एकदा घसरले, पुन्हा उभे राहिले. कपड्यांनी त्यांना बरं केलं असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या भेटी झाल्या त्या साध्या शर्टमुळे.

सोसायटीतला विरोध पूर्ण मावळला नाही. दोन जणांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. पण वॉचमनकडे यादीत नाव आहे आणि अध्यक्षांना माहीत आहे, एवढ्याने पुन्हा कुणी अडवलं नाही. रडत फोन करणाऱ्या वहिनींच्या घरी सहा महिन्यांनी प्रार्थना परत सुरू झाली.

नुकसानही झालं. एक वृद्ध दांपत्य अच्चनांना शर्ट-पँटमध्ये हॉटेलात पाहून इतकं दुखावलं, की त्यांनी काही रविवार येणंच सोडलं. त्या भेटीचं कारण त्यांना सांगणं शक्य नव्हतं. सांगितलं असतं तर ज्यांच्यासाठी गुप्तता पाळली त्यांचाच घात झाला असता. अच्चनांनी तो राग निमूटपणे सोसला.

वेगळं काय करता आलं असतं

व्यवस्था सुरू करण्याआधी पोदुयोगात, म्हणजे सर्वसाधारण सभेत, मोघम का होईना पण सांगायला हवं होतं की काही भेटी साध्या वेशात होतील आणि त्या ट्रस्टींच्या माहितीने होतील. मग त्या दांपत्याला धक्का बसला नसता.

अच्चनांचं आणि बस्कियाम्मांचं मत तिसऱ्या बैठकीत न येता पहिल्या बैठकीत यायला हवं होतं. अंग त्यांचं, धुणं त्यांचं, आणि चर्चा मात्र आमची चालली होती.

सोसायट्यांशी ओळख करून घ्यायला क्लिप फिरेपर्यंत थांबायची गरज नव्हती. नवे पुरोहित आले की पहिल्या महिन्यातच यजमानांनी त्यांना शेजाऱ्यांशी भेटवावं, हे आता पॅरिशच्या कामांच्या यादीत आहे.

आणि डायोसीसची परवानगी त्या एका अच्चनांच्या नावाने आली होती, पॅरिशच्या नावाने नाही. त्यांची बदली झाली तेव्हा व्यवस्थाही त्यांच्याबरोबर संपली. नवे अच्चन पन्नाशीचे आहेत, गाडी चालवत नाहीत, रिक्षाने फिरतात आणि कुठल्याही सवलतीशिवाय पांढराच झगा घालतात. अतिदक्षता विभागाचा आखूड बाह्यांचा झगा त्यांच्या मापाचा नव्हता. नवा शिवायला टाकला आहे, आणि या वेळी परवानगी पॅरिशच्या नावाने मागितली आहे.